बशीतली कॉफी

तुमच्या तिथल्या दुकानात कॉफीची जेली उंच काचेच्या ग्लासात मिळते, वर क्रीमचा डोंगर असतो आणि ती खाताना दात शिवशिवतात, असं तू परवा फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, आपल्या घरी ती बशीत लावत असू. त्यावर तुझा भाऊ मागून ओरडला, "बशीत? आजी, तुमच्याकडे ग्लास नव्हते का?"

ग्लास होते रे. डझनभर होते, कपाटात वरच्या फळीवर पालथे घातलेले, खाली स्वच्छ फडकं. पण ती जेली ज्यांच्यासाठी केली त्यांना बशीच हवी होती. हे फोनवर सांगायला लागले तर तुमची शाळेची बस चुकेल, म्हणून लिहिते आहे.

ते म्हणजे तुमचे पणजोबा, माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. तेव्हा आम्ही विरारला पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात मी, तुमचे आजोबा आणि मामंजी. तुमचा बाबा पुण्याला कॉलेजात होता. मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवून एक वाजता घरी यायची, जेवण, थोडी आडवी, आणि चार वाजता मामंजींची कॉफी. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले. पोस्टात टपाल निघायची वेळ टळत नाही, तशी घरात चारची कॉफी टळायची नाही.

कॉफीही साधी नव्हे. निम्मं दूध, निम्मं पाणी, त्यात पूड घालून उकळायची, आणि वर जायफळ. जायफळ ते स्वतः उगाळायचे. त्यांची एक छोटी सहाण होती, तळहाताएवढी, आणि जायफळ एका डबीत. त्या डबीला इतर कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मग कप त्यांच्यापुढे ठेवला की ते तो बशीत ओतायचे, बशी दोन्ही हातांनी उचलायचे, एक लांब फुंकर मारायचे आणि फुर्र करून असा घोट घ्यायचे की आवाज जिन्यापर्यंत जावा. पहिल्या घोटानंतर एक दोष काढायचे. आज दूध पाणचट आहे. आज पूड जास्त झाली. आज साखरेला हात आखडला वाटतं. इतक्या वर्षांत कॉफी चांगली झाली असं एकदाही म्हणाले नाहीत, आणि एकदाही बशीत थेंब उरला नाही. मी त्यांचं कौतुक बशीत वाचायची.

एका वर्षी गणपती झाले आणि मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नाकातून पोटात नळी घातली होती. ती त्यांनी डाव्या हाताने दोनदा उपसून काढली, म्हणून तिथल्या लोकांनी तो हात पट्टीने पलंगाला बांधला. एक हात आजाराने नेला आणि दुसरा बांधून ठेवलेला. मी भेटायला गेले की ते त्या पट्टीकडे बघायचे, मग माझ्याकडे. तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. न बोलताही ते काय म्हणत होते ते मला नीट कळत होतं.

थोडं गिळता यायला लागलं तशी नळी काढली आणि आम्ही त्यांना घरी आणलं. आमच्या डॉक्टरीणबाई स्टेशनजवळ दवाखाना चालवायच्या, त्या घरी येऊन बघायच्या. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "घशाचे स्नायू ढिले पडलेत. घट्टसर घास उतरेल. पण पातळ काही दिलंत की ते वाट चुकणार, श्वासनळीत जाणार. मग न्यूमोनिया. पाणी नाही, ताक नाही, चहा नाही."

पलंगावरून आवाज आला, "कॉफी?"

"कॉफीही नाही आजोबा. सध्या नाही."

मामंजींनी तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून त्यांनी ओठ मिटले. मी नाचणीचं सत्त्व केलं, मऊ भात गाळणीतून काढला, केळं कुस्करलं, दुधी शिजवून घोटला. दोन चमचे घ्यायचे आणि मान फिरवायची. मी कॉफीत कॉर्नफ्लॉवर घालून ती दाट करून बघितली. त्यांनी चमचाभर तोंडात घेतली, बराच वेळ घोळवली, गिळली आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "खळ."

"काय म्हणाले?" तुमच्या आजोबांनी मला विचारलं.

"खळ म्हणाले. पोस्टात तिकिटं चिकटवायला असायची ती."

मामंजींनी मान हलवली. बरोबर.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्यांचा दंड चिमटीत धरून बघितला, कातडीची सुरकुती परत बसायला वेळ लागत होता. त्या मला बाहेर घेऊन गेल्या, पण आमच्या घरात बाहेर म्हणजे पडद्यापलीकडे. "अजून आठवडाभर बघू," त्या म्हणाल्या. "पोटात काही जात नसेल तर नळी परत घालावी लागेल. माझा इलाज नाही."

त्या गेल्यावर मी आत आले. मामंजींचा डावा हात पांघरुणाबाहेर होता. त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. म्हणाले, "सूनबाई. हात... बांधू नका."

"नाही बांधणार," मी म्हटलं. "पण त्यासाठी तुम्हाला जेवावं लागेल."

"कॉफी," ते म्हणाले.

पोस्टातला माणूस. अटी स्पष्ट होत्या.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहायच्या, बँकेत होत्या. माहेर आगाशीजवळच्या वाडीतलं, ख्रिस्ती कुटुंब. नाताळात त्यांच्याकडून आम्हाला फराळाचं ताट यायचं आणि दिवाळीत आमच्याकडून त्यांना जायचं. त्या संध्याकाळी त्या वाडीतली केळी आणि एक वाडगा घेऊन आल्या. वाडग्यात लाल जेली थरथरत होती.

"ताई, आमच्या आईला शेवटी शेवटी जेलीच जायची बघा. ही स्ट्रॉबेरीची आहे, पण तुम्ही कॉफीची करा ना. काळी कॉफी करायची, त्यात जिलेटिन विरघळवायचं, फ्रिजमध्ये ठेवायची. काय मोठं काम आहे?"

मला ते एकदम पटलं. जेली म्हणजे पातळही नाही आणि खळही नाही. पण त्यांनी घरून आणून दिलेलं जिलेटिनचं पाकीट मी हातात घेतलं आणि थांबले. जिलेटिन जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं असतं. मामंजी रोज पूजा करणारे, अंड्याचा केक कापला त्या सुरीने त्यांनी कधी आंबा कापू दिला नाही.

तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, सांगायचं कशाला त्यांना?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॉफी आहे म्हणायचं. पोटात जाण्याशी कारण. ते काय पाकीट वाचायला येणार आहेत?"

"अहो, ते वाचू शकत नाहीत म्हणूनच सांगायला हवं."

"तुझी तत्त्वं आणि त्यांचा हट्ट. मध्ये नळी कोणाच्या नाकात जाणार?"

शेजारणीने पदर तोंडाला लावला होता, हसू लपवायला की अवघडलेपण लपवायला, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "भावोजी, आमच्या उपासाच्या शुक्रवारी कोणी मला न सांगता मटण वाढलं ना, तर मी ताट भिरकावीन. ताईंना विचारू द्या."

मी आत जाऊन विचारलं. सरळ विचारलं. मामंजी, कॉफी घट्ट करता येईल, पण ज्याने घट्ट होते ते हाडांपासून काढतात. चालेल का? मामंजींनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "नको." आणि थोड्या वेळाने, "विचारलंस... बरं केलंस."

तो प्रश्न तसाही निकालात निघाला. मी ती लाल जेली चमचाभर तोंडात घेतली आणि न चावता, न गिळता जिभेवर ठेवून उभी राहिले. तुमचे आजोबा म्हणाले, "ही काय आता समाधी लावतेस?" मी हाताने त्यांना थांबवलं. बघता बघता तोंडात जेलीचं सरबत झालं. अंगाच्या उष्णतेने वितळणारी गोष्ट घट्ट कशी म्हणायची? डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बघितलंत. तोंडात पाणी होणारं काहीच देऊ नका."

मग मला चायना ग्रास आठवलं. तुमच्या बाबाच्या वाढदिवसाला मी दुधाचं पुडिंग करायची, त्यात ते घालायची. समुद्रातल्या शेवाळापासून करतात, पांढऱ्या सुक्या काड्या असतात, वजनाला काही नाही. आणि शंभर टक्के शाकाहारी. आगाशीच्या बाजारात एका किराणा दुकानात मिळायचं. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तशीच आगाशीची बस धरली.

आता कृती सांगते, नीट लक्ष द्या. काड्या कापून गार पाण्यात भिजवायच्या. मऊ झाल्या की तेच पाणी मंद आचेवर ठेवून त्या पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या, मध्ये सोडून जायचं नाही. दुसऱ्या शेगडीवर नेहमीची कॉफी, दूध साखर घातलेली आणि गरम. दोन्ही गरम असतानाच एकत्र करून गाळायचं. दूध गार असलं तर चायना ग्रास लगेच दोऱ्या धरतं आणि सगळं फुकट जातं. काड्या किती घ्यायच्या हा मुख्य प्रश्न. मी एकेका वाटीत कमीजास्त प्रमाण घालून सगळ्या वाट्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी ठेवली. तुमचे आजोबा ऑफिसातून आले आणि म्हणाले, "स्वयंपाकघर आहे की सायन्सचं प्रॅक्टिकल?" मी त्यांना पहिली वाटी खायला दिली. त्यांनी चमचा मारला तर चमचा उसळून परत आला. "ही घट्ट आहे खरी," ते म्हणाले, "ही भिंतीवर टप्पा घेईल."

सर्वांत कमी काड्यांची जी धरली, ती मऊ झाली. जिभेने टाळूला दाबली की बिनआवाज मोडायची, पण पाणी व्हायची नाही. मी कितीतरी वेळ तोंडात धरून बघितली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांना ओट्याशी उभं करून तीच खायला लावली. त्यांनीही डोळे मिटून जिभेने दाबून बघितली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण ताठ बसवून. अर्धा चमचा. हनुवटी छातीकडे. एक घास उतरल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. आणि खोकला आला की बंद."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी काचेच्या बाऊलमध्ये कॉफीची जेली घेऊन गेले. माझ्याकडे दोन इंग्रजी पाककृतींची पुस्तकं होती. दोन्हींत लिहिलं होतं की जेली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि थंडगार वाढावी, म्हणून मी तशीच ठेवली होती. मामंजींना उशांनी ताठ बसवलं. तुमचे आजोबा मुद्दाम लवकर आले होते, शेजारीणही दारात उभी. मी अर्धा चमचा दिला. मामंजींनी गिळला. आम्ही तिघं खोकल्याची वाट बघत होतो. खोकला आला नाही. शेजारणीने छातीवर क्रुसाची खूण केली.

मी दुसरा चमचा पुढे केला. मामंजींनी ओठ मिटले.

"काय झालं मामंजी?"

"गार."

"जेली गारच असते."

"मग ही... जेली," ते म्हणाले. प्रत्येक शब्दासाठी थांबत होते, पण वाद सोडत नव्हते. "कॉफी नाही."

तुमच्या आजोबांचा तोल गेला. "बाबा, तिने तीन दिवस ओट्यापाशी काढलेत! दोन चमचे घ्याल की नाही?" मामंजींनी भिंतीकडे बघितलं. मी बाऊल उचलला. डॉक्टरीणबाईंच्या आठवड्यातले दिवस सरत चालले होते, आणि माणूस गार लागली म्हणून नळी पत्करायला तयार होता. मला रागही आला आणि त्यांचं म्हणणंही पटलं. जायफळाचा वास येत नाही ती कॉफी कसली? आणि गार पदार्थात जायफळ मुकं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. त्या वर्षांत विरारला लोडशेडिंगचा कहर होता आणि शुक्रवारी तर सबंध दुपार वीज नसायची. ऑक्टोबरचा उकाडा. मी शाळेतून आले तर फ्रिजमधून पाणी गळायला लागलं होतं. सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं. शेजारणीच्या लाल जेलीचं झाकण काढलं तर आत नुसतं लाल पाणी, त्यावर एक मुंगी पोहत होती. कॉफीची जेली मात्र जशीच्या तशी. मी वाटी कलती केली, ती हलली नाही. जेवणासाठी लावलेल्या कुकरला टेकून राहिलेली एक वाटी होती, तिला हात लावला तर चांगली गरम. आतली कॉफी जागची ढळली नव्हती.

मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं पुडिंग केलं, चायना ग्रास उकळत्या पातेल्यात विरघळवलं, ते विरघळायला किती उकळावं लागतं ते माझ्या हाताला पाठ होतं. मग एकदा धरल्यावर ते नुसत्या कोमट हवेला कसं वितळेल? जेली म्हणजे फ्रिज, हे मी पुस्तकातून उचललं होतं आणि कधी तपासलं नव्हतं. ही कॉफी गरम वाढता येणार होती!

चार वाजायला अवकाश होता. मी नवी कॉफी केली, चायना ग्रास घातलं, आणि या वेळी बाऊल घेतला नाही. मामंजींची बशी घेतली. तीत पातळ थर ओतला, ओट्यावरच धरू दिला. मग पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद केला आणि बशी त्या पातेल्यावर झाकणासारखी ठेवली. तोवर मामंजींच्या पलंगाशी स्टूल ओढलं, त्यावर सहाण ठेवली आणि जायफळाची डबी उघडून त्यांच्या डाव्या हातात दिली.

"तुम्ही उगाळा," मी म्हटलं. "मला तुमचं प्रमाण माहीत नाही."

डावा हात, सवय नाही. जायफळ सहाणेवरून घसरत होतं. मी सहाण धरून ठेवली. वेळ लागला, पण त्यांनी उगाळलं. मी ते बोटाने घेऊन बशीवर पसरलं आणि बशी आणली. आधी मनगटावर टेकवून बघितली. पोळत नव्हती, पण गरम होती, आणि तिच्यातून वाफेचा एक बारीक धागा वर येत होता. खोलीत जायफळ पसरलं.

मामंजींनी बशीकडे बघितलं. डावा हात पुढे केला. मी बशी त्यांच्या हातात दिली, खालून माझा हात होताच. त्यांनी ती तोंडाशी नेली आणि फुंकर मारली. अर्धा चेहरा जागेवर नव्हता, त्यामुळे फुंकर एका बाजूनेच गेली. वाफ हलली. कॉफी अर्थातच हलली नाही. त्याचं त्यांना थोडं नवल वाटलं असावं, कारण त्यांनी परत एकदा मारली.

मग मी चमचा घेतला. हनुवटी खाली, अर्धा चमचा, थांबायचं. एक उतरला. दुसरा उतरला. असं करत करत बशीचा तळ दिसला. शेवटचा घास उतरल्यावर ते म्हणाले, "साखर... कमी."

"उद्या घालते," मी म्हटलं आणि बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले. तुमचे आजोबा घरी आले तेव्हा मी ती बशी अजून धुतली नव्हती. त्यांना दाखवायला ठेवली होती.

कॉफी मिळायला लागल्यावर मामंजींनी आपली बाजू पाळली. दुपारी भात, संध्याकाळी सत्त्व, कुरकुर करत पण घेऊ लागले. अट एकच, चार वाजता बशी.

आठवडा संपला त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या त्या नेमक्या चारला. मामंजी ताठ बसले होते, डाव्या हातात बशी, मी बाजूला चमचा घेऊन. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या, बॅग उघडली आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "हात द्या बघू आजोबा."

उजव्या हाताची नाडी बघायला त्यांना काही अडचण नव्हती, पण त्यांनी सवयीने डाव्या हाताकडे हात नेला. मामंजींनी बशी जरा आपल्याकडे ओढून घेतली.

"थांबा," ते म्हणाले. "कॉफी घेतोय."

डॉक्टरीणबाईंनी बॅग मिटली, मांडीवर ठेवली आणि कॉफी संपेपर्यंत थांबल्या.